गाडी हिंडवून आणतो

सुग्रीवराव शिनगाऱ्यांनी गाडी घेतली ती गुडघ्यासाठी. गुडघ्यासाठी माणूस तेल घेतो, पट्टा घेतो, फार तर घरात कमोड बसवून घेतो. पण सुग्रीवरावांच्या डाव्या गुडघ्यावर एका म्हशीने, टोचायची सुई अजून त्यांच्या हातातच असताना, अशी काही लाथ घातली होती की बीडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि दोनच शब्द उच्चारले : "क्लच बंद." चौसाळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात सुग्रीवराव पशुधन पर्यवेक्षक होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणे, आणि गावाचा हा गैरसमज दूर करण्याची घाई त्यांनी कधी केली नव्हती.

क्लच नसलेली गाडी शोधली अंजूने, म्हणजे त्यांच्या पुण्यातल्या मुलीने. वापरलेली, पांढरी, मागे डिक्कीचं शेपूट नसलेली छोटी गाडी. डिझेलचा हट्ट मात्र शेजारच्या सुंदररावांचा. सुंदरराव पंचायत समितीचे माजी सदस्य. सदस्यत्व गेलं तरी सल्ल्याचं खातं त्यांनी सोडलेलं नव्हतं.

"डॉक्टर, पेट्रोल म्हंजी निस्ता वास हो. हात लावला की उडून जातंय. डिझेल घ्या. डिझेलला वजन असतंय."

सुग्रीवरावांचं घर गावाच्या एका टोकाला आणि दवाखाना दुसऱ्या टोकाला. मधे दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी आणि शाळा. एवढ्या अंतरात डिझेलचं वजन नेमकं कुठं वापरायचं, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. पुढचं सगळं रामायण त्या न सुचण्यातून झालं.

गाडी दारात आली त्या संध्याकाळी गल्लीतली कर्ती माणसं आळीपाळीनं ड्रायव्हरच्या जागी बसून खाली वाकून बघत होती. सुंदररावांनी तर मोबाइलचा उजेड पाडून तपासणी केली आणि गंभीर चेहऱ्यानं बाहेर आले.

"दोनच हायेत."

"दोनच असतात," सुग्रीवराव म्हणाले. "ॲटोमॅटिक आहे ना."

"ते झालं तुमचं. पण तिसरा कावून काढला असंल त्यांनी? पुण्याची माणसं, डॉक्टर. सुटा करून इकला असंल."

त्या क्षणापासून चौसाळ्यात ती गाडी 'पायडल काढलेली गाडी' म्हणून नोंदली गेली.

खरा त्रास डाव्या पायाचा होता. आयुष्यभर मोटारसायकलवर आणि दवाखान्याच्या जुन्या जीपवर राबलेला तो पाय एकाएकी बेकार झाला होता, आणि बेकार माणसाप्रमाणे दिसेल त्या कामात तोंड घालत होता. दुसऱ्याच दिवशी, सुंदरराव शेजारी बसलेले, भर बाजारात, त्या पायानं क्लच समजून ब्रेकवर सगळा जोर टाकला. गाडी जागच्या जागी रुतली. सुंदररावांच्या तळहातावरचा चुना लावलेला, मळून तयार झालेला तंबाखू समोरच्या काचेवर जाऊन बसला आणि पाठोपाठ सुंदररावांचं कपाळही. तेव्हापासून ते मागच्या सीटवर बसू लागले आणि त्याचं कारण विचारणाऱ्याला "मोठी माणसं मागंच बसतेत" असं सांगू लागले.

उपाय काढला सुग्रीवरावांच्या बायकोनं. मुक्ताबाई मोजकं बोलणारी बाई. म्हणाली, "तो पाय वर घ्या की. जेवायला बसता तसा." म्हणून मग सुग्रीवराव डाव्या पायाची अर्धी मांडी घालून गाडी चालवू लागले. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, माणूस पंगतीतून उठून थेट गाडीत आला आहे. पण गुडघा निवला. गिअर बदलताना गाडी स्वतःशीच थोडी थांबायची, मान डोलवायची आणि मग पुढं जायची. सुग्रीवरावांना ते आवडे. आपण सांगितलेलं विचार करून ऐकणारं त्यांच्या माहितीत दुसरं कोणी नव्हतं.

असे महिना-दीड महिना बरे गेले आणि एका सकाळी स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या मधे पिवळा दिवा लागला. दिव्यात एक डबा होता आणि डब्यात ठिपके होते.

फाट्यावरच्या हरिओम मेस्त्रीनं चित्र नीट निरखलं. बॉनेट उघडलं, लावलं. परत उघडलं. मग म्हणाला, "काय न्हाई डॉक्टर, ह्यो दिवा लागतच असतोय," आणि दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून टाकला. "आता बगा. दिसतोय का?"

दिसत नव्हता. सुग्रीवराव समाधानानं घरी आले. आठवडाभरात गाडीनं चाळीसच्या वर जायचं सोडलं. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, मालवाहू रिक्षा हॉर्न देत पुढं जायच्या. एका लग्नाच्या वरातीनं त्यांना ओलांडलं तेव्हा मात्र त्यांनी गाडी बीडच्या वर्कशॉपला नेली.

तिथल्या बाईंनी आधी चिकटपट्टी नखानं उचलून काढली. मग विचारलं, "रोज किती चालते गाडी?"

सुग्रीवरावांनी दुकानं, गिरणी आणि शाळा सांगितली.

बाईंनी कपाळाला हात लावला. या गाडीच्या धुरांड्यात एक जाळी आहे. डिझेलची काजळी तिथं साठते. गाडी चांगली तापून हायवेला अर्धा-पाऊण तास एकसारखी पळाली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. न पळाली तर साठत राहते, आणि मग जाळीच बदलावी लागते. "यावेळी आम्ही साफ करून देतो. पण काका, हिला आठवड्यातून एकदा तरी मोकळं पळवा. आणि दिवा लागलेला असताना पळवायला काढली, की मधे थांबवू नका. थांबलात की केलेलं वाया."

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. सुग्रीवरावांचे डोळे चमकले. "म्हणजे पोट फुगलंय," ते म्हणाले. "बांधून ठेवलेलं जनावर आहे. हिंडवायला पाहिजे." बाईंनी क्षणभर विचार करून मान हलवली.

आता इथं सांगायला हवं, की गाव सगळं माफ करतं, पण बिनकामाचा प्रवास माफ करत नाही. संध्याकाळी दवाखाना बंद करून सुग्रीवराव एकटेच हायवेला निघत. पारगावच्या बाजूला दूरवर जात, वळत, आणि हात हलवत परत येत.

"कुठं गेलते डॉक्टर?"

"कुठं नाही. गाडी हिंडवून आणली."

विचारणारा हसे आणि पुढच्या चौकात जाऊन सांगे, डॉक्टरचं कायतरी हाय. एक म्हणे, पारगावला जमीन बघतोय. एक म्हणे, सासरवाडीकडून निवडणुकीला उभा राहणार. छबुबाई नावाची समोरची म्हातारी मुक्ताबाईला रोज संध्याकाळी विचारी, "आलं का गं मालक?" आणि 'आलं का'वर असा जोर देई, की मुक्ताबाईलासुद्धा एकदा घड्याळाकडे बघावंसं वाटलं.

सुग्रीवरावांनी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. त्यांनी तालुक्याच्या साहेबांकडे अर्ज केला, की लांबच्या गावांचे लसीकरण दौरे मला द्यावेत, स्वतःच्या गाडीनं जाईन, भत्ता नको. सरकारी खात्यात इतका निर्मळ अर्ज कधी आला नसावा. ज्या माणसानं लाथेनंतरचे सगळे दिवस 'गुडघेदुखीमुळे दौऱ्यातून सूट मिळावी' हे लिहिण्यात घालवले, तो आता फुकट दौरे मागतो! साहेबांनी अर्ज वरच्या साहेबांकडे पाठवला. वरून विचारणा आली : सदर कर्मचाऱ्याचा यात काय हितसंबंध आहे, याचा खुलासा घ्यावा. सुग्रीवरावांनी खुलाशात जाळी, काजळी आणि पोटफुगी असं सगळं खरं लिहिलं. त्यावर 'कर्मचाऱ्याच्या प्रकृतीबाबत चौकशी व्हावी' असा शेरा पडून कागद अजून कुठंतरी फिरतो आहे.

त्याहून वाईट म्हणजे हात दाखवणारी माणसं. मराठवाड्यात ओळखीच्या गाडीला हात दाखवणं हा हक्क आहे, आणि थांबणं हे कर्तव्य. दिवा लागलेला असला की सुग्रीवराव थांबू शकत नव्हते. मग ते काच खाली घेऊन एका हातानं नमस्कार करत आणि पुढं निघून जात. भावकीतला एक जण, मुख्याध्यापक आणि दवाखान्याचा स्वतःचा शिपाई, सगळ्यांना असा नमस्कार पोचला. "पायडल न्हाई तर एवढा माज," गिरणीवर कोणी म्हणालं, "असतं तर काय केलं असतं?"

हे सगळं त्यांनी गिळलं. पण मग आला तो शुक्रवार.

तो कळायला सासरे सांगायला हवेत. मुक्ताबाईचे वडील अर्जुनराव, दिंद्रुडचे जुने बागायतदार, एके काळचे सरपंच. अंजूच्या लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांची जी लांबलचक यादी छापली होती, तिच्यात छापखान्याच्या चुकीनं अर्जुनरावांचं नाव सुंदररावांच्या खाली आणि मंडपवाल्याच्या वर आलं. अर्जुनरावांनी अक्षता टाकल्या, जेवले नाहीत, आणि त्यानंतर लेकीच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. मुक्ताबाई फोन करायची. ते पीकपाणी सांगायचे आणि ठेवून द्यायचे. या दिवाळीनंतर मात्र, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनीच फोन करून सांगितलं, "येतो म्हन चार दिवस. कोनाला सांगू नको. आलो की आलो."

मुक्ताबाईनं सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. इथं तिचं चुकलं असं म्हणता येईल, पण म्हणायची हिंमत कोणाची नव्हती.

त्या शुक्रवारी सुग्रीवराव रजेवर होते, दिवा लागलेला होता, आणि म्हणून ते रोजची बाजू सोडून मांजरसुंब्याकडं गाडी हिंडवायला गेले होते. परत फिरले होते, गाडी छान तापली होती. फाट्यावर बसमधून उतरून एक उंच म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला पटका, बगलेत पिशवी. त्यानं ओळखीनं काठी वर केली. सुग्रीवरावांनी ओळखलं. ओळखायला लागला तेवढ्या वेळात पायाला आणि डोक्याला मिळून एक निर्णय घ्यायचा होता, आणि त्या दोघांनी तो वेगवेगळा घेतला. डोकं म्हणालं, थांब, सासरे आहेत. सवयीनं पाय तसाच राहिला. आणि हात, ज्याला कोणी विचारलंच नव्हतं, तो काचेबाहेर जाऊन नमस्कार करून आला.

थोडं पुढं जाऊन त्यांनी गाडी थांबवली, पुढचं वळण शोधून ते परत आले, तोवर अर्जुनराव समोरून आलेल्या बीडच्या बसमध्ये चढून गेलेले होते. फाट्यावरचा चहावाला म्हणाला, "ते आजोबा? म्हणले, मला रस्त्यातूनच वाटं लावलं."

घरी मुक्ताबाईनं पुरणाची डाळ शिजायला टाकली होती. सुग्रीवरावांनी सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. डाळ तशीच झाकून ठेवली. सुग्रीवरावांना भांडण परवडलं असतं. त्या झाकणाचा आवाज परवडला नाही.

दोन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. अर्जुनराव फोन उचलत नव्हते. सुंदररावांनी सल्ला दिला, की चार मोठी माणसं घेऊन जाऊ, मी बोलतो. सुग्रीवरावांच्या डोळ्यांसमोर पत्रिका आली आणि त्यांनी हात जोडले. रविवारी सकाळी मुक्ताबाईच म्हणाली, "दिंद्रुडला जायचं. आत्ता."

"मी पाया पडतो त्यांच्या."

"ते तर पडालच," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बीड मागं पडलं, वडवणी मागं पडली. दिवा अजून जळतच होता; शुक्रवारचं हिंडवणं अर्धवट राहिलं होतं ना, आणि आजही बीडच्या गर्दीत गाडी सारखी थांबली होती. सुग्रीवराव मनात सासऱ्यांपुढचं भाषण जुळवत होते. 'मामा, त्याचं असं झालं' इथपर्यंत ते नेहमी नीट पोचत. तेवढ्यात समोर रस्ताभर मेंढरं आली. शे-दीडशे पाठी, मधे घोडं, घोड्यावर संसार, आणि मधोमध घोंगडी खांद्यावर टाकलेला बिभीषण. चौसाळ्याच्या माळावर पाऊसकाळ काढणारा आणि दिवाळीनंतर कळप घेऊन धरणाच्या बाजूला उतरणारा हा धनगर सुग्रीवरावांचं जुनं गिऱ्हाईक. गाडी ओळखून तो हलला नाही.

"आता थांबले व्हय डॉक्टर?" तो म्हणाला. "मागं पुलापाशी म्या दोन्ही हात केल्ते. तुमी नमस्कार घालून गेले. मला वाटलं, नमस्कार घालाया मी काय देव हाय का?"

"बिभीषण, गाडी थांबवता येत नाही रे."

"थांबलीच की."

मग त्याचा सूर बदलला. कडेला बाभळीखाली त्याची बायको एका मेंढीपाशी बसली होती. पिल्लू अडलं होतं, मेंढी डोळे फिरवत होती. सुग्रीवराव उतरले. भाषण, दिवा, सासरे सगळं त्या क्षणी गळून पडलं. हात धुतले, बाह्या सरकवल्या, आणि लंगडणारा, मांडी घालून गाडी चालवणारा, गावानं माजोरडा ठरवलेला तो माणूस जमिनीवर बसून इतक्या हलक्या हातानं काम करू लागला, की मुक्ताबाई दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघत उभी राहिली. पिल्लाचा पाय आत दुमडलेला होता. तो सरळ झाला, पिल्लू बाहेर आलं, शिंकलं. मेंढीनं मान वळवून त्याला चाटायला सुरुवात केली. बिभीषणाच्या बायकोनं सुग्रीवरावांवरून दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली.

सुग्रीवराव उभे राहिले. छाती भरून आली होती. अशा वेळी माणूस दोन पावलं मागं सरून आपलं काम लांबून बघतो. तेही सरले. पहिल्या पावलाखाली रस्ता होता. दुसऱ्याखाली चर होता.

उजवा घोटा बघता बघता भोपळ्यासारखा सुजला. डावा गुडघा आधीचाच. या गाडीला एकच पाय लागतो, ही तिची थोरवी. पण आता तो एकही शिल्लक नव्हता.

"रिक्षा बोलावतो," सुग्रीवराव कण्हत म्हणाले. "गाडी राहू दे इथं."

"आबांच्या दारात मी रिक्षानं जाऊ?" मुक्ताबाई म्हणाली. "गाडी मेंढरांपाशी टाकून?" आणि तिनं पर्समधून मोबाइल काढून त्यांच्यापुढं धरला. त्यावर तिचं शिकाऊ लायसन होतं. दिवाळीत अंजूनं काढून दिलेलं. सुग्रीवराव दुपारचे झोपलेले असताना मायलेकींनी शाळेच्या मैदानावर याच गाडीचे फेरे मारले होते. ते बघून छबुबाई काही बोलली कशी नाही, हा प्रश्न सुग्रीवरावांना त्या कळांमध्येही पडला.

"मुक्ता, मैदान वेगळं आणि—"

"तुमच्याकडं पक्कं लायसन हाय ना? मग शेजारी बसा. मागं एल लावावा लागतो."

बिभीषणानं मेंढरं ओळखायला लावायचा लाल रंग आणला. "यल म्हंजी कसा काढायचा?" "उभी काठी, आणि तिच्या पायाशी एक आडवी." पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर त्यानं टेचात एल काढला आणि मागच्या काचेला बांधून दिला. मग शीळ घालून सगळा कळप रस्त्याच्या कडेला घेतला. एखाद्या मंत्र्याला मिळत नाही एवढा रस्ता मुक्ताबाईला मिळाला.

तिनं पदर खोचला, डावा पाय वर घेऊन अर्धी मांडी घातली, दांडा ओढला. गाडी आपली आपण सरकू लागली. मेंढरं मागं गेली. गाडी थांबली, मान डोलवली, पुढं गेली.

"ही हो म्हणतीय," मुक्ताबाई म्हणाली.

सुग्रीवरावांनी वरची कडी धरली. "ब्रेकवर लक्ष ठेव."

"ब्रेकचं भ्या वाटतं मला. दाबला की सुंदरराव आठवतात." म्हणून तिनं ब्रेक दाबलाच नाही. समोरचं वाहन दिसलं की लांबूनच पाय ढिला करायची, रस्ता मोकळा झाला की परत तेवढाच टेकवायची. ना जास्त, ना कमी. पन्नासच्या आसपास गाडी अशी एका लयीत चालली, की सुग्रीवरावांच्या ओठांवर आलेल्या सूचना एकेक करून परत गेल्या. मागून ट्रक आले, पोत्यावरचा लाल एल बघून आदरानं लांबून निघून गेले. तेलगाव आलं, तेलगाव गेलं. शेवटी ते काहीतरी बोलायचं म्हणून काट्यांकडं वाकले आणि तसेच राहिले.

"काय झालं?"

"गेला."

"कोन गेलं?" मुक्ताबाई दचकली, पण पाय हलला नाही.

"दिवा. दिवा गेला, मुक्ता!"

"मला वाटलं, कोन माणूस," ती म्हणाली. पण हसली. शुक्रवारपासून पहिल्यांदा.

दिंद्रुडला अर्जुनराव फाटकाबाहेर खुर्ची टाकून, चार माणसांत बसले होते. जावयाची गाडी वळताना त्यांनी ओळखली. काठी दोन्ही हातांत धरली, मान दुसरीकडं फिरवली. त्यांचंही भाषण तयार असावं. ओठ हलत होते. गाडी जवळ आली. आणखी जवळ आली. काच खाली गेली आणि आतून ओळखीचा आवाज आला :

"आबा, व्हा की बाजूला! ब्रेक दाबायचाय!"

अर्जुनराव त्या वयात ज्या चपळाईनं उठले, त्याची चर्चा दिंद्रुडला पुढं बरीच झाली. खुर्ची आडवी झाली. गाडी खुर्चीच्या अलीकडं वीतभर अंतर राखून थांबली, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून, मांडी सोडवत, त्यांची लेक खाली उतरली.

अर्जुनराव लेकीकडं बघत होते, गाडीकडं बघत होते, परत लेकीकडं.

"तू आनली?"

"वडवणीपासून, आबा."

म्हातारा बाकीच्या चौघांकडं वळला. "चौसाळ्याहून आनली."

"वडवणीपासून, आबा."

"तेच ते." त्यांनी पटका सारखा केला. "आमच्या घरात ट्रॅक्टर हायेत, जीप होती. एका पोराला सरळ हाकता आली न्हाई कदी. ही बगा. पोरगी!"

सुग्रीवराव दुसऱ्या दारातून कसेबसे उतरले, गाडीला धरून उभे राहिले. वाकून पाया पडणं शक्यच नव्हतं. दोन्ही पायांनी राजीनामा दिलेला. त्यांनी हात जोडले, आणि हात जोडल्यावर लक्षात आलं, की याच नमस्कारानं घात केला होता. त्यांनी ते पटकन खाली घेतले.

"मामा, त्याचं असं झालं..." आणि मग सगळंच बाहेर आलं. काजळी, जाळी, थांबवायचं नाही हे, मांजरसुंब्याला वळून आलो ते, बस गेली ते. माणसं ऐकत होती. अर्जुनराव खाली बघत काठीनं मातीवर रेघा ओढत होते.

"म्हंजी तुमी परत आलते?"

"आलो होतो. बस निघून गेली होती."

"मला वाटलं," म्हातारा हळू म्हणाला, "पत्रिकेवरून म्या जे केलं, त्याचा राग तुमच्या पोटात हाय. काठी वर केली तवाच भ्या वाटत होतं, थांबतेत का न्हाई. लेकीच्या लग्नात मी जेवलो न्हाई ना." त्यांनी मातीतली एक रेघ पायानं पुसली. "आन् हात तरी कसा केला तुमी! ये म्हनून न्हाई. जा म्हनून."

मुक्ताबाई दोघांच्या मधे आली. "आबा, घरात हळद हाय का? ह्यांच्या घोट्याला लावायचीय. आणि तुमची पिशवी भरा. डाळ शिजवून ठेवलीय मी, फ्रीजमधे हाय. उद्या पुरण घालायचं."

त्या रात्री सुग्रीवराव ओसरीवर हळदीचा लेप लावून, दोन उशांवर पाय ठेवून जेवले. अर्जुनरावांनी स्वतः त्यांच्या ताटात भाकरी वाढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हातारा लेकीची गाडी दाखवत होता, आणि अंधार पडेपर्यंत मुक्ताबाईनं ती थेट पुण्याहून आणलेली होती. तिनं दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

सकाळी निघताना शेजारच्या सीटचा प्रश्न आला. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला हवा. अर्जुनरावांनी खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आपलं लायसन काढलं, मुदत बघितली, सगळ्यांना दाखवली, आणि पुढं जाऊन बसले. "जावई, तुमी मागं. पाय पसरा."

तेलगाव गेलं, वडवणी गेली. पुढं म्हाताऱ्याचं शिकवणं चालू होतं. "हॉर्न दे. न्हाई, आता नको. आता दे. त्याला जाऊ दे, लई घाईत हाय त्यो. तू तुझ्या चालीनं चल." मुक्ताबाई "हो आबा, हो आबा" करत आपल्याच चालीनं चालली होती. बीडच्या बायपासला ट्रकांच्या मधे मात्र दोघंही गप्प झाले, आणि तो पार पडल्यावर दोघंही एकदम मोठ्यानं बोलू लागले.

मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडीनं मान डोलवली. अर्जुनराव मागं वळले. "जावई, हिला चढावर असंच व्हतं व्हय? बोला की काही."

सुग्रीवराव दोन्ही पाय सीटवर लांब करून, डोकं काचेला टेकवून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते. महिन्याभरात त्यांना कोणी इतकं निश्चिंत बघितलं नव्हतं.

"झोपले जनू," अर्जुनराव म्हणाले.

"झोपू द्या, आबा," मुक्ताबाई म्हणाली, आणि मागची, वारं येणारी पायाकडची काच बटण दाबून अलगद वर घेतली.